उसन्या पाण्याचा फोटो

विहिरीचं पाणी खारट झालंय हे वस्तीत सगळ्यात आधी मला कळलं, आणि सगळ्यात शेवटी मी ते मान्य केलं. चहा फाटायला लागला तेव्हा मी दुधाला नावं ठेवली. कडधान्य शिजेना तेव्हा कडधान्याला. साबणाला फेस येईना तेव्हा सुनेच्या हाताला. शेवटी एक दिवस पोरगा कामावरून आला, तांब्या तोंडाला लावला आणि चूळ भरून अंगणात टाकली.

"आई, हे पाणी आहे का मिठागर?"

मी म्हटलं, "तुझ्या जिभेवरच मीठ बसलंय. दिवसभर त्यात उभा असतोस."

तो तांब्या ठेवून भिंतीला टेकला. बोलायचं त्राण नव्हतं त्याच्यात. त्या हंगामात समुद्र दोनदा बांधावरून आत आला होता. मिठाच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून दगडासारखा घट्ट करावा लागतो, तेव्हा कुठे त्यावर स्वच्छ दाणा धरतो. तीन आठवडे टाचा आपटून केलेला तळ एका भरतीत चिखल झाला. परत तुडवला, परत भरती आली. पूर्वी अशी भरती दहा वर्षांतून एकदा यायची, तिच्यावरून लोक पोरांची वयं सांगायचे. आता एका हंगामात दोन. पोराच्या टाचांना पडलेल्या भेगांत करंगळी जाईल. त्यात मिठाचं पाणी. संध्याकाळी तो पाय धुवायचा तेव्हा मी आत निघून जायची. बघवायचं नाही, आणि बघितलं तर तोंडातून काहीतरी वाकडं निघायचं.

नर्सबाई पंधरवड्यातून एकदा येते. तिने सुनेच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, काटा बघितला. परत बांधला, परत दाबला. सुनेला तेव्हा चौथा महिना नुकता लागला होता.

"काय पिता तुम्ही घरात?"

"पाणीच पितो," मी म्हटलं. "दुसरं काही पिण्याइतकी सुखं नाहीत."

नर्सबाई हसली नाही. "त्या विहिरीचं? आजी, हिला ते पाणी बंद. थेंबभरसुद्धा नाही. त्या मिठानेच हिचं प्रेशर चढतंय. मागचं कशाने गेलं असं वाटतं तुम्हाला?"

मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात सुनेचं गेलं होतं. तेव्हा मी शेजारणींना सांगितलं होतं की हिला जपून वागायची अक्कल नाही. सून भिंतीकडे तोंड करून निजली होती. जागी होती का झोपली होती, मला माहीत नाही. मी काही हळू बोलले नव्हते.

"गोडं पाणी खाणीच्या तळ्यात आहे," नर्सबाई पट्टा गुंडाळत म्हणाली. "तिथून आणा. आणि हिने उचलायचं नाही."

दगडाची जुनी बंद पडलेली खाण. जायला तास, भरलेला हंडा घेऊन यायला दीड. पोरगा उजाडायच्या आत बांधावर जातो. राहिलं कोण? मी. माझा उजवा गुडघा उतारावर साथ देत नाही. चुंबळ डोक्यावर, हंडा चुंबळीवर, एक पाय पुढे आणि दुसरा आडवा, खेकड्यासारखी मी यायची. दिवसाला एक हंडा. तो फक्त सुनेचा. मी आणि पोरगा विहिरीचंच पीत होतो.

वस्तीत एक जण आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात. त्याच्या घरातलं भांडण चार गल्ल्यांना पाठ असतं. पेपर तोच मोठ्याने वाचतो, म्हणून जगात काय चाललंय ते आम्हाला कळतं, आणि कळून आमचं काही हलत नाही. तो एका सकाळी दारात येऊन उभा राहिला.

"काकू, पेपरवाली येतेय! परवा!"

"कशाला? कोण मेलं?"

"कुणी नाही मेलं. सगळ्या जगात समुद्र वर चढतोय, त्यावर लिहितेय ती. बारा देशांचे बारा किनारे. त्यातला एक आपला."

"समुद्र वर चढतोय हे कळायला बारा देश कशाला फिरायचे? माझ्या चुलीपाशी बसून एक कप चहा घेतला तरी कळेल."

"तेच सांगा तिला!" भोंगा आत येऊन बसला. त्याने आवाज खाली आणला, म्हणजे आता फक्त आमच्याच गल्लीला ऐकू येत होतं. "पाण्याच्या ऑफिसात पाइप कुणाला द्यायचा ते ठरतंय. आपल्याला, नाहीतर वीटभट्टीवाल्यांच्या वस्तीला. यंदा एकालाच. पेपरात आलं ना की साहेब लोक खुर्चीतून उठतात. मी तिला तुमच्याच घरी आणतो. सूनबाईचं सगळं सांगा. विहिरीचं पाणी पाजा. काही लपवू नका, आहे ते दाखवा."

"बरं," मी म्हटलं.

तो गेला आणि मी घराकडे बघितलं. ओट्यावर एक हंडा, तोही अर्धा. दुसरे दोन पालथे. पिंपाच्या तळाशी पांढरी पुटं. परकी बाई येणार, बारा देश बघणारी, आणि तिच्यापुढे हे? माझ्या सासूने मला या घरात पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आलेल्या माणसाला रिकामं भांडं दिसता कामा नये. चाळीस वर्षांत ते कुणाला दिसलं नव्हतं. मीठ कमी पिकलं त्या वर्षीही नाही, नवरा गेला त्या आठवड्यातही नाही.

मी दोन दिवसांत खाणीवर चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला गुडघा असा दुखला की वाटेत बसून मोठ्याने शिव्या दिल्या, तिथे ऐकायला दगडच होते. उरलेलं पाणी गल्लीतून उसनं आणलं. प्रत्येक घरातून एक हंडा. बायकांनी दिलं, कारण पाइप सगळ्यांनाच हवा होता. त्यांना वाटलं पाहुणीच्या चहापाण्याला असेल. राखेने हंडे घासले, तोंड दिसेल असे केले, आणि भिंतीशी ओळीने मांडले. नऊ. काठोकाठ.

सून दाराच्या चौकटीला टेकून बघत होती.

"आई, ती पाणी बघायला येत नाहीये. पाणी नाहीये ते बघायला येतेय."

"म्हणून रिकामी भांडी मांडून बसू दारात? कटोरा पण देतेस का हातात?"

"मी तसं नाही म्हणाले."

"मग कसं म्हणालीस? पाणी लांबून आणावं लागतं हे तोंडाने सांगता येतं. त्यासाठी घराची लाज वेशीवर टांगायची गरज नाही."

ती आत गेली. तिचे पाय तेव्हाच जड पडायला लागले होते. मला ते दिसत होतं.

पेपरवाली भोंग्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. मला वाटलं होतं कुणी जाडजूड रुबाबदार बाई असेल. ही काडीसारखी, बुटांना तीन ठिकाणचा चिखल, डोळ्यांखाली काळं. आल्या आल्या तिने पाणी मागितलं. मी पहिल्या हंड्यातलं दिलं. ती दोन पेले प्यायली.

"किती गोड पाणी आहे हो, आजी."

भोंगा खोकला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

ती खाली जमिनीवर बसली, वही मांडीवर. विचारलं, "समुद्र आत येतो म्हणे. फार त्रास होतो का?"

"त्रास कुणाला नाही? तुम्हाला नाही? आरशात बघा, डोळ्यांखाली काजळी धरलीय."

ती हसली. "झोप नाही. तीन आठवड्यांत हा चौथा किनारा."

"आणि एवढं फिरून, लिहून होतं काय?"

तिने पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? मला माहीत नाही. कधीकधी काहीतरी होतं. एका ठिकाणी बंधारा झाला. बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. आमचे संपादक म्हणतात लोक रडगाण्याला कंटाळलेत. जग बुडतंय असं लिहिलं की पान उलटतात. म्हणाले, उभी राहिलेली माणसं शोध."

उभी राहिलेली माणसं. मला ते फार आवडलं. मी बसलेली होते ती बसल्या जागी ताठ झाले.

मग मी बोलत सुटले. आम्ही कुणापुढे हात पसरले नाहीत. समुद्र बांध फोडतो, आम्ही परत बांधतो. विहीर बिघडली तर खाण आहे, आमच्या पायांत जोर आहे. भोंगा मधे मधे "पण काकू, ते पण सांगा ना" म्हणत होता. मी त्याला चहाचा कप दिला आणि गप्प केला. ती भराभर लिहीत होती. माझं बोलणं असं कुणी कधी लिहून घेतलं नव्हतं.

मग ती सुनेकडे वळली. "तुम्ही? तुमची तब्येत? अशा पाण्याने बायकांना त्रास होतो असं मी दुसरीकडे ऐकलं."

सुनेने तोंड उघडलं. "मागच्या वर्षी माझं—"

"तिला काय विचारता," मी म्हटलं. "ती लाजते. परक्या माणसापुढे शब्द फुटत नाही तिला. मला विचारा."

सून मागे सरकली. पेपरवालीने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. घड्याळ बघितलं. तिची गाडी होती दुपारची. म्हणाली, "आजी, एक फोटो. इथेच, या हंड्यांपाशी. उजेड छान येतोय."

त्या संध्याकाळी ज्याचं पाणी त्याला मी परत करून आले. सहा घरं.

दहा दिवसांनी पेपर आला. भोंग्याने चौकात उभं राहून वाचला. अर्ध्या पानावर मी. मागे नऊ हंडे चमकतायत. वर मोठ्या अक्षरांत, 'समुद्रापुढे न झुकणारी आजी.' लोक टाळ्या वाजवत होते. बारा देशांतल्या किनाऱ्यांचं लिहिलं होतं, बर्फ वितळतो त्याचं, गिरण्यांच्या धुराचं, आणि मधे आमची वस्ती, जिने आपली वाट स्वतः शोधलीय. भोंग्याचा आवाज शेवटी शेवटी उतरत गेला. मी त्याला असं वाचताना कधी ऐकलं नव्हतं.

"सूनबाईचं नाही यात," तो माझ्याजवळ येऊन म्हणाला. "पाइपचं पण नाही."

"पानात बसलं नसेल."

"काकू, तुम्ही सांगितलं कुठे?"

मी पेपर घडी करून घरी आणला. पोराला दाखवला. त्याने बघितला, हात धुतले नव्हते म्हणून हात न लावता. "चांगला आलाय फोटो," म्हणाला, आणि जेवायला बसला. सुनेने बघितलाच नाही.

पाण्याच्या ऑफिसातला साहेब तीन आठवड्यांनी आला. हातात फाइल, फायलीत तोच पेपर. विहिरीत दोरी सोडून त्याने खोली मोजली, चव काही घेतली नाही. चौकात सगळे जमले.

"यंदा पाइप वीटभट्टीकडे जाणार," तो म्हणाला. "तुमचा विचार पुढे करू."

भोंगा ओरडला, "पुढे म्हणजे केव्हा? इथे माणसं खारं पाणी पितायत!"

साहेबाने शांतपणे पेपर उघडला. तो काही वाईट माणूस नव्हता. दमलेला होता, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. त्याने बोटाने फोटोवर मोजलं. "एक, दोन, तीन... नऊ. एका घरात नऊ हंडे. भट्टीवाल्यांकडे पोरं डबक्यातलं पितात. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" मग मला ओळखून तो हसला. "तुम्हीच ना त्या आजी? मानलं तुम्हाला. आमच्या साहेबांनी हे कात्रण भिंतीवर लावलंय."

गल्लीतल्या सहा घरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आपापला हंडा ओळखून. एकीनेही तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर बरं झालं असतं.

आणि वीटभट्टीवाल्यांवर राग तरी कसा धरू? पोरं त्यांचीही पोरंच.

त्यानंतर घरात बोलणं कमी झालं. पोरगा उजाडायच्या आत जायचा, दिवस मावळल्यावर यायचा. तिसऱ्यांदा वाफ्याचा तळ तुडवत होता, एकटाच. मी दुपारी त्याचं जेवण घेऊन गेले तर तो चिखलात टाच आपटत होता, आपटत होता, थांबेचना.

"जेवून घे."

"ठेव तिथे."

"माझ्यावर राग आहे ना तुझा?"

तो थांबला. कपाळावरचा घाम पुसला, तर तिथेही मिठाचा पांढरा ओघळ उमटला. "आई, राग धरायला पण ताकद लागते. जा तू घरी, ऊन झालंय."

घरी आले तर सून जमिनीवर पाय पसरून बसली होती. पाय कोळशाच्या पोत्यासारखे टम्म. मी तिच्या पायापाशी बसले आणि अंगठ्याने घोट्यावर दाबलं. खड्डा पडला. मी अंगठा काढला तरी खड्डा तसाच. बराच वेळ आम्ही दोघी त्या खड्ड्याकडे बघत होतो.

"डोकं दुखतं?"

"सकाळपासून. डोळ्यांपुढे काजवे येतात."

"मग सांगायला काय झालं?"

"सांगत होते की," ती म्हणाली. "त्या बाईला. तुम्ही म्हणालात मी लाजते." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं. "आई, मला पाचवा लागलाय. मागचं पाचव्यातच गेलं. मला तुमची उणीदुणी काढायची नाहीत. मला फक्त हे राहायला हवंय."

मी उठले आणि भोंग्याच्या घरी गेले. पेपरवालीने दिलेलं कार्ड माझ्याकडे होतं. भोंग्याने नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला धरला. तिकडे खूप वारा होता, कुणी परक्या भाषेत ओरडत होतं.

"आजी? मी लांब आहे. इथे पूर आलाय. काय झालं?"

"तुम्ही छापलेलं खोटं आहे."

मग ती म्हणाली, "मी डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं, आजी. तुम्ही म्हणालात तेच लिहिलं."

"तेच सांगतेय. मी दाखवलं ते खोटं. नवांतले तीन हंडे मी दोन दिवस मरमर करून भरले, सहा उसने. ते तुम्ही गेल्यावर परत केले. माझी सून गेल्या वर्षी पोर घालवून बसलीय याच पाण्यापायी, ती सांगत होती, मी सांगू दिलं नाही. आणि आता तुमचा पेपर भिंतीवर लावून साहेबाने पाइप दुसरीकडे दिलाय."

भोंगा माझ्याकडे बघत राहिला. मला एवढं एका दमात खरं बोलताना त्यानेही कधी ऐकलं नसेल.

"मी तिच्याशी बोलायला हवं होतं," पेपरवाली म्हणाली. "मला दिसलं होतं. गाडी चुकेल म्हणून उठले." मग म्हणाली, "त्याच जागेवर दुसऱ्यांदा पान मिळणार नाही. आतल्या पानावर दुरुस्ती छापता येईल, लहानशी. पण त्यात लिहावं लागेल की तुम्ही—"

"म्हातारीने फसवलं असं लिहा."

"वस्तीत सगळे वाचतील."

"वाचतील कशाला? इथे एक भोंगा आहे, तो वाचून दाखवेल."

पेपरवाली परत आली तेव्हा सुनेला सहावा लागला होता. या वेळी कुणी पाठवलं नव्हतं, परतीच्या वाटेवर एक दिवस काढून आली. मी तयारी केली होती. सगळे हंडे पालथे घातले होते, एक आडवा, जणू कुणी लाथेने उडवलाय. पिंपाची पांढरी पुटं दिसतील असं पिंप दाराकडे वळवलं होतं. मी स्वतः जुनी, उसवलेली कापडं नेसले होते.

पेपरवाली दारात उभी राहिली. सगळीकडे बघितलं.

"आजी," ती म्हणाली, "हे पण मांडलेलंच आहे ना?"

आत सून हसली. कित्येक महिन्यांत ती हसलेली मी ऐकली नव्हती, आणि हसली तीही माझ्यावर.

"रोज जसं असतं तसं राहू द्या," पेपरवाली म्हणाली. "मी थांबणार आहे. संध्याकाळची गाडी नाही, उद्याची आहे."

मग मी आडवा हंडा उचलला, चुंबळ घेतली आणि खाणीकडे निघाले, रोजच्यासारखी. ती माझ्याबरोबर आली. येताना म्हणाली, द्या जरा माझ्याकडे. पन्नास पावलांत तिची मान कापायला लागली, पाणी तिच्या कपाळावरून गळायला लागलं. "सांडू नका," मी ओरडले, "ते माझ्या नातवंडाचं आहे!" तिने हंडा परत दिला. बाकीची वाट ती माझ्या मागे चालत आली. माझा गुडघा कटकट वाजत होता तेवढाच आवाज.

घरी ती सुनेपाशी बसली. नर्सबाईही आली होती, तिची जाड वही घेऊन. मी सवयीने मधे बसायला गेले. बसता बसता थांबले. माझं तोंड मला ठाऊक आहे, ते समोर असलं की दुसऱ्याचं उघडत नाही. मी म्हटलं, "मी बांधावर जाऊन येते."

पोरगा वाफ्यात उभा होता. मी काठावर बसले.

"काय झालं? घरी पाहुणी आहे ना?"

"आहे. सून बोलतेय."

"आणि तू?"

"मी इथे आहे."

त्याने बघितलं माझ्याकडे. मग परत तुडवायला लागला. मी चपला काढल्या आणि वाफ्यात उतरले. गुडघा नको म्हणत होता. एका पायाने जेवढं जमलं तेवढं मी त्याच्याबरोबर तुडवलं, दिवस कलेपर्यंत.

दुरुस्ती छापून आली ती आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली. भोंग्याला शोधायलाच वेळ लागला. चौकात सगळे जमले होते. तो नुसता घसा खाकरत राहिला.

"वाच."

"काकू, जरा... मी थोडक्यात सांगतो."

"तुझ्या गळ्यात आजच का बोळा बसलाय? आहे तसं वाच. मोठ्याने."

त्याने वाचलं. फोटोतलं पाणी त्या घरचं नव्हतं, ते उसनं आणलं होतं, असं आजींनी स्वतः कळवलं आहे. आमच्या बातमीदाराने ते तपासायला हवं होतं, ते तपासलं नाही. मग खाली, बारीक अक्षरांत, सुनेचं. नाव नाही, फोटो फक्त पावलांचा, घोट्यावर खड्डा. आणि नर्सबाईच्या वहीतली नोंद, या एका वस्तीत दोन वर्षांत पाच बायकांचं पोटातच गेलं.

पाच. आम्हाला प्रत्येकीला आपापल्या घरातलं एक माहीत होतं. बेरीज कुणी केलीच नव्हती. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. उसनं पाणी देणाऱ्या सहाजणींपैकी दोघी खाली बसल्या होत्या, तोंड झाकून.

भोंगा ते कात्रण घेऊन ऑफिसात गेला. पहिल्या दिवशी बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी म्हणे त्याने व्हरांड्यात उभं राहून ते वाचायला सुरुवात केली, त्याच्या आवाजात, पहिल्या शब्दापासून. दुसऱ्यांदा वाचेपर्यंत मोठा साहेब बाहेर आला. पाइप आता फिरवता येणार नाही, भट्टीकडे खोदाई झालीय, असं तो म्हणाला. पण टँकर सुरू करू. आठवड्यातून दोनदा, हंगाम संपेपर्यंत. पुढच्या हंगामाचं कुणी काही बोललं नाही. समुद्राचं तर नाहीच नाही, तो काही त्या ऑफिसच्या हाताखाली नाही.

पहिला टँकर आला त्या दिवशी मी रांगेत उभी राहिले. पुढची बाई वळून म्हणाली, "काय हो आजी, फोटोतले हंडे आणलेत का आज?" रांग हसली. मागची म्हणाली, "सांभाळा गं, रिकामा दिसला तर झुकतील!" परत हसली. माझ्या जिभेवर चार उत्तरं तयार होती, एकेक अशी की आठवडाभर झोंबली असती. मी गिळली. त्यांच्या जागी मी असते तर यांहून वाईट बोलले असते.

टँकरवाल्याकडे नर्सबाईने दिलेली यादी होती. पोटुशी बायका आधी. त्याने आमच्या घराचा नंबर पुकारला, रांग बाजूला झाली, आणि मी पुढे गेले.

घरी मी पेला भरून दिला. सून प्याली. दुसरा भरला, तोही प्याली, न थांबता, घशाची घाटी वर-खाली होताना दिसत होती. सातवा लागला होता. नर्सबाई म्हणाली होती काटा थोडा उतरलाय, थोडाच, अजून दोन महिने काढायचेत. सुनेने तोंड पुसलं, तिसरा पेला स्वतः भरला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या."

"मला नको. ते तुझं आहे. माझं विहिरीच्या पाण्यावर बरं चाललंय."

"बरं चाललंय?" ती म्हणाली. "छापायला देऊ का?"

मी पेला घेतला. एवढ्या महिन्यांनी गोडं पाणी, जिभेला कळेचना काय आहे ते. ती समोर उभी राहून बघत होती, मी संपवतेय की नाही ते. मी संपवलं.